उसन्या फिती

३ मार्च

बाब्या,

धाकट्या भावाला पत्र लिहायचं तर वर आशीर्वाद लिहायचा असतो. तो आज माझ्याकडून निघत नाहीये, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. माझी पदकं परत पाठव.

काल डेपोत डबा खात बसले होते. माझ्या गाडीवरची कंडक्टर पेपर नाचवत आली. "तुझा भाऊ पण होता का गं राखीव दलात? कधी बोलली नाहीस!" तिसऱ्या पानावर तू. गडद कोट, हात वर, तोंड उघडं आणि छातीवर तीन पदकं. खाली छापलंय, 'नगरपालिकेचे उमेदवार, सीमेवरील शौर्याबद्दल गौरवलेले राखीव दलाचे वीर.'

डबा बाजूला ठेवला. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हिरव्या फितीचं दीर्घ सेवेचं, पट्ट्यापट्ट्यांचं सीमा मोहिमेचं आणि लाल फितीचं ब्राँझचं, शौर्याचं. त्या लाल फितीची कड उसवलेली आली होती. इस्पितळात पडल्या पडल्या मी ती एका हाताने शिवली, नर्सकडचा पांढरा दोरा घेऊन. फोटोत तो पांढरा टाका दिसतोय. छापणाऱ्याने फार छान छापलाय.

आई गेली तेव्हा मी राखीव सेवेवर होते. सुटी मिळवून पोचेपर्यंत तू घर आवरूनही टाकलं होतंस. मी तुझ्याकडे भांडी मागितली नाहीत, कपाट मागितलं नाही. एकच विचारलं, "आईकडे ठेवलेला माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा कुठे आहे?" तू म्हणालास, "नाही गं सापडला ताई. आईने टाकून दिला असेल." त्या दिवसापासून आपण बोलत नाही, आणि मला वाटत होतं की मीच जरा जास्त ताणलं. डब्यासाठी कोणी भाऊ तोडतं का? आता कळलं डबा कुठे होता. चोरी केलीस ती केलीस, वर ती मेलेल्या आईच्या माथी मारलीस.

तुझी राखीव सेवा मला माहीत आहे. एका हिवाळ्यात भांडारात बसून ब्लँकेटं वाटलीस. त्याचं पदक निघालेलं नाही अजून. निघालं तर जरूर लाव.

आणि लावलीस तीही उलटी. शौर्याचं पदक आतल्या बाजूला, कोटाच्या बटणांजवळ असतं. ते तू खांद्याकडे लटकवलंयस. इतक्या लोकांत एकानेही तुला टोकलं नाही याचं मला जास्त वाईट वाटलं.

आठवडाभरात पाठव.

ताई


११ मार्च

बाब्या,

पदकं आली नाहीत, तुझी चिठ्ठी आली. "ताई, मान घराचाच आहे ना? तू ती कधी घालत नाहीस. डब्यात काळी पडत होती. मी निदान उजेडात आणली. निवडणूक झाली की देतो, शप्पथ."

मी ती का घालत नाही हे तू विसरला असशील तर लिहिते. तू सभांमध्ये काहीतरी सांगत सुटला आहेस असं ऐकलंय, म्हणून झालं तसं लिहिते. वाचून तरी ठेव.

त्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा मला अँब्युलन्स दिली होती. मागच्या भागात जखमींसोबत बसायला मास्तर. ते एरवी प्राथमिक शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. राखीव सेवेत ते मलमपट्टीवाले होते. त्यांची सेवा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली, बूट पुसले, सगळ्यांना हात केला. पण त्यांच्या जागी यायचा माणूस आला नव्हता. "दुपारपर्यंत येईल म्हणतात. तोवर थांबतो," म्हणाले आणि पिशवी दाराशी ठेवून माझ्यासोबत चहा प्यायला बसले.

जेवणाच्या वेळेआधीच पुढच्या चौकीवर गोळे पडायला लागले. आम्ही गेलो. एकाच जखमीला उचलता आलं, कोवळा पोरगा, मांडीतून रक्ताची धार लागलेली. परतीचा रस्ता उघड्या माळावरून होता. एक गोळा अगदी जवळ फुटला. माझ्या खांद्यात लोखंड घुसलं, काच फुटली, पण इंजिन चालू होतं. मी एका हाताने गाडी हाणत होते आणि मागून मास्तरांचा आवाज येत होता. त्यांनी त्या पोराची मांडी दोन्ही हातांनी दाबून धरली होती आणि तो झोपू नये म्हणून त्याला पाढे म्हणायला लावत होते. मला आधी वाटलं, माझ्याच डोक्याला मार लागलाय. पोरगा सतराच्या पाढ्यात अडकला, तर मास्तर ओरडले, "सतराचा पाढा येत नाही आणि लढाईला आलास? म्हण माझ्यामागे!" अशा गाडीत मी हसले रे. खरंच हसले. सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याऐंशी. मग आवाज थांबला. थोड्या वेळाने पोरगा म्हणाला, "मास्तर, पुढे?" आणि परत, "मास्तर, पुढचं सांगा ना."

मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर तो पोरगाही गेला असता.

इस्पितळाच्या दारात मागचं दार उघडलं तेव्हा ते तसेच बसलेले होते, पोटात लोखंड आणि हात पोराच्या मांडीवर. डॉक्टरांना ते हात उचलून बाजूला करावे लागले. लागलंय असं त्यांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

पोरगा जगला. मला ब्राँझचं पदक मिळालं. मास्तरांना काही नाही, कारण त्यांची सेवा आदल्या दिवशी संपली होती. राखीव दलाच्या कार्यालयाने वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, जे उत्तर पाठवलं त्यात 'नागरी प्रवासी' असा शब्द आहे. प्रवासी! जसे काही माझ्या बसमध्ये तिकीट काढून बसले होते!

जोवर त्यांना काही मिळत नाही तोवर मी माझं लावणार नाही असं ठरवलं आणि डबा आईकडे ठेवला. काळं पडत होतं म्हणतोस ना? पडू दे की. काळंच पडायला हवं होतं ते.

मास्तरांच्या जागी यायचा माणूस का आला नाही, ते मी इथे लिहीत नाही. तुला ठाऊक आहे.

ताई


२४ मार्च

बाब्या,

आज रागातच लिहितेय, अक्षर लागलं तर वाच.

दुपारी दार वाजलं. दारात वहिनी. औषधाच्या दुकानातून कामावरूनच उठून आल्या होत्या, अंगावर पांढरा कोट तसाच. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचे बंधू काल शाळेत आले होते."

शाळेत, बाब्या! सभा, मंडप, चौक, कुठेही जाऊन खोटं बोल, लोकांना सवय आहे. तू शाळेत गेलास? आणि नेमक्या त्याच शाळेत? तुला माहीत नव्हतं म्हणे मास्तरांची मुलगी तिथे शिकते. माहीत नसायला तू काय परगावचा आहेस?

मुलीने घरी जाऊन सगळं सांगितलं. पाहुणे काका म्हणाले की अँब्युलन्स ते चालवत होते. त्यांच्यासोबत या शाळेतले एक शिक्षक होते. ते काकांच्या मांडीवर डोकं ठेवून गेले आणि जाताना म्हणाले, "माझ्या लेकीला सांगा, तिचा बाप हसत गेला." मग बाईंनी मुलीला उभं केलं. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. आणि तू तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारलंस, "बाबांचं पदक घरी जपून ठेवलंय ना?"

ती घरी येऊन पदक शोधत होती. सगळे कप्पे उपसले. वहिनी घरी पोचल्या तेव्हा ती पलंगाखाली होती.

वहिनी मला म्हणाल्या, "मी तिला पाढ्यांचं सांगणार होते. थोडी मोठी झाली की सांगू म्हणत होते. आता ती म्हणते, बाबांनी माझं नाव काढलं होतं. आता मी काय सांगू? नव्हतं काढलं म्हणून?"

मग म्हणाल्या, "तुमच्या बंधूंनी निदान गाडीत दुसऱ्या कुणाला बसवायचं होतं हो. स्वतःलाच का?"

वहिनींना सगळं माहीत आहे, बाब्या. मी इस्पितळातून सुटले त्याच आठवड्यात त्यांना सांगितलं होतं. मास्तरांच्या जागी यायचा होतास तू. भांडारातून मलमपट्टीच्या कामावर तुझी बदली झाली होती. त्या सकाळी चौकीवर फोन करून तू म्हणालास, "निघालोय, दुपारपर्यंत पोचतो." फोन मास्तरांनीच उचलला होता. चहा पिताना मला म्हणाले, "तुझा भाऊ निघालाय. पोरगा नवीन आहे, त्याला औषधांची पेटी नीट समजावून देतो आणि मग जातो." आणि तू कुठून निघाला होतास? आईने मला नंतर सांगितलं. तू घरातल्या घरात हॉलमधून स्वयंपाकघरात गेला होतास. दोन दिवसांनी पाठदुखीचा दाखला आणलास, आधीची तारीख घालून.

हे वहिनींनी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी एकदा 'का' विचारलं होतं, तर म्हणाल्या, "सांगून ते परत येणार असते तर सांगितलं असतं." तू रस्त्यात दिसलास की त्या नजर वळवतात ते त्यांना तुझी ओळख नाही म्हणून नाही.

तू आधी त्यांची दुपार घेतलीस. आता तीच दुपार स्वतःच्या नावावर करून भाषणं ठोकतोयस. लाज नावाची वस्तू आईने दोघांना सारखी वाटली होती असा माझा समज होता.

ताई


६ एप्रिल

बाब्या,

तुझी अक्कल पाहून मी थक्क झाले. मुलगी पदक शोधतेय हे तुला माझ्या पत्रातून कळलं, आणि तू काय केलंस? मखमली डबीत माझं ब्राँझचं पदक घालून प्रचाराच्या पोराबरोबर तिच्या घरी धाडलंस! 'तुझ्या वीर बाबांचं, काकांकडून.'

वहिनींनी बोलावल्यावर मी पोचले तोवर तिने ते शाळेच्या शर्टाला लावलं होतं. गल्लीतल्या सगळ्यांना दाखवून झालं होतं. वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या. मला बघून फक्त म्हणाल्या, "काढून घ्या म्हणायचं माझ्याच्याने होत नाही. तुम्ही बघा."

दहा वर्षांच्या पोरीच्या छातीवरून पदक काढायचं काम तू माझ्यावर टाकलंस. हे मी मरेपर्यंत लक्षात ठेवीन.

मी एकटी गेले नव्हते. तो वाचलेला पोरगा माझ्यासोबत होता. पोरगा कसला, आता लेथवर काम करणारा बाप्या झालाय, एक पाय ओढत चालतो. आम्ही तिघं जमिनीवर बसलो. मी म्हटलं, "राणी, हे पदक माझं आहे. गाडी मी चालवत होते. तू शाळेत ऐकलंस ते खरं नाही."

ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलताय, आत्या."

मग लेथवाल्याने पँट मांडीपर्यंत वर केली आणि व्रण दाखवला. म्हणाला, "इथे तुझ्या बाबांचे हात होते. मला रागावत होते. मला सतराचा पाढा येत नव्हता."

तिने व्रण पाहिला, त्याचा चेहरा पाहिला. मग म्हणाली, "आता येतो?"

"येतो," तो म्हणाला. "तेवढा एकच पक्का आहे."

ती हसली नाही. रडलीही नाही. शर्टावरची पिन सोडवायला लागली, ती काही निघेना, वहिनींनी काढून दिली. पदक माझ्या हातात ठेवून तिने विचारलं, "मग बाबांचं कुठाय?" मी म्हटलं तुझ्याकडेच राहू दे हे, मी देते. तर म्हणाली, "नको. हे तुमचं आहे. मला बाबांचं हवंय."

म्हणून आम्ही राखीव दलाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाई चांगल्या निघाल्या. त्यांनी सांगितलं की यंदा नियम बदललाय. बदली माणूस येतोय असं कळल्यामुळे जो थांबला, त्याचे थांबलेले तास सेवेत धरतात. मग पदकही देता येतं. पण त्यांच्या नोंदीत तू आदल्या दिवसापासूनच आजारी आहेस. म्हणजे कुणी येणारच नव्हतं, मास्तर आपल्या मर्जीने रेंगाळले, असा अर्थ होतो. मी म्हटलं, मास्तरांनी मला फोनचं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "ऐकीव चालत नाही. ज्याने फोन केला त्याने येऊन सांगायला हवं."

मला आता माझी पदकं नकोत. उरलेली दोन कोटाला शिवून टाक हवी तर. तू ये आणि सांग. "मी फोन केला. निघालोय म्हणालो. निघालो नव्हतो." एवढंच. सोमवारी सकाळी आम्ही तिथल्या बाकावर बसलेले असू.

ताई


१४ एप्रिल

बाब्या,

तू आला नाहीस. आम्ही जेवणाच्या सुटीपर्यंत बसलो. मुलगी प्रत्येक वेळी दार वाजलं की वळून बघायची.

फोनवर तू म्हणालास, "ताई, मतदान होऊ दे. आत्ता सांगितलं तर मी संपलो." मग आवाज चढवून म्हणालास, "सख्ख्या भावाला गाळात घालून तुला काय मिळणार आहे?" आणि ठेवून दिलास.

मला काय मिळणार? ऐक. मी पेपरात जाणार नाही. ज्या पेपराने तुझा फोटो छापला त्याच्या दारात माझ्या पदकाचं सन्मानपत्र घेऊन उभी राहिले तर उद्या तुझं नाव मातीत जाईल, मला ठाऊक आहे. डेपोतल्या बायका रोज म्हणतात, जा. मी जात नाही. आईसाठी नाही, तुझ्यासाठी तर मुळीच नाही. पेपरात तुझी चोरी छापून येईल. त्याने मास्तरांना पदक मिळत नाही. ते तुझ्याच तोंडून मिळतं, आणि तुला पार बुडवलं तर तू ते तोंड कधीच उघडणार नाहीस. तुला मी लहानपणापासून ओळखते. मार पडला की तू मुका व्हायचास.

म्हणून दात-ओठ खाऊन गप्प आहे. ही गप्प बसण्याची किंमत तुला कधी कळणार नाही.

वहिनी काल तुझ्या फर्निचरच्या दुकानात येऊन गेल्या म्हणे. लेथवाल्याने सांगितलं, तो बाहेर थांबला होता. त्यांनी ती मखमली डबी तुझ्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "ही रिकामी आहे. तुमची आहे." तू गिऱ्हाइकांसमोर पांढराफटक पडलास असं तो म्हणाला. पडला असशील.

पुढच्या सोमवारीही आम्ही बाकावर असू. त्याच्या पुढच्याही.

ताई


२० जून

बाब्या,

आज समारंभानंतर तू फाटकापाशी म्हणालास, "ताई, आता तरी?" मी उत्तर न देता चालू लागले. तेव्हा बोलले असते तर ओरडले असते, आणि त्या पोरीचा दिवस मला नासवायचा नव्हता. म्हणून घरी येऊन लिहिते.

तू आलास. मतदानाच्या आधीच्या सोमवारी, कोट न घालता. कार्यालयातल्या बाईंसमोर बसून म्हणालास, "मी फोन केला. निघालोय म्हणालो. मी घरीच होतो." बाईंनी विचारलं, "आणि आजाराचा दाखला?" तू म्हणालास, "खोटा." त्या लिहीत असताना तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. कशाने आलास ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. दोन दिवसांत गावभर झालं. तू निवडणुकीत आपटलास, दुकानावर लोकांनी काय काय लिहून ठेवलं, तेही मी बसमधून पाहिलं. मला आनंद झाला असं तुला वाटत असेल. नाही झाला. दयाही आली नाही.

आज मास्तरांचं पदक मिळालं. छोटासा समारंभ, कार्यालयाच्याच अंगणात, पंधरा-वीस खुर्च्या. अधिकाऱ्याने नाव वाचलं, तेव्हा 'नागरी प्रवासी' म्हणाला नाही, 'राखीव दलाचे जवान' म्हणाला. वहिनी उठल्याच नाहीत. मुलगी एकटी पुढे गेली, पदक घेतलं, फीत बोटाने सरळ केली आणि परत येऊन आईच्या मांडीवर ठेवलं.

मग तू मागच्या रांगेतून उठून तिच्यापाशी आलास. मी मध्ये पडणार होते. वहिनींनी माझा हात धरून ठेवला.

तू तिला म्हणालास, "शाळेत मी खोटं बोललो. त्या दिवशी बाबांच्या जागी मी यायचा होतो."

तिने विचारलं, "मग का नाही आलात?"

तू म्हणालास, "भीती वाटली."

ती म्हणाली, "बाबांना पण वाटली असेल?"

तू माझ्याकडे बघितलंस. पहिल्यांदा. तुला माहीतच नव्हतं काय सांगायचं, कारण तू तिथे नव्हतास. मी म्हटलं, "वाटली होती. गाडीत चढताना हात इतके कापत होते की हेल्मेटचा पट्टा लागेना. मी लावून दिला."

हे तिला मी आधी सांगितलं नव्हतं. वाटलं होतं, कशाला. पण तिचा चेहरा पाहिलास ना? वीर बापापेक्षा हात कापणारा बाप तिला जास्त ओळखीचा वाटला.

आता ऐक. घाबरलास म्हणून मी तुझ्यावर कधीच रागावले नव्हते. मीही घाबरले होते. तू त्या सकाळी फोन करून "ताई, मला नाही जमत" म्हणाला असतास, तर मास्तर पिशवी उचलून घरी गेले असते आणि मी तुला आयुष्यभर पाठीशी घातलं असतं. राग आहे तो 'निघालोय' या शब्दाचा. राग आहे तो पुढच्या सगळ्या वर्षांचा, ज्यात तू रोज सांगू शकला असतास आणि रोज दुसरंच काही सांगितलंस. एक सोमवार त्या सगळ्याला पुरत नाही.

तुझी दोन पदकं, म्हणजे माझी, मिळाली. पुसून पाठवलीस, उगाच पुसलीस. आज सकाळी तिन्ही लावली होती मी, पहिल्यांदाच. तुझ्या लक्षात आलं असेल.

निघताना त्या पोरीने तुझा हात धरला आणि फाटकापर्यंत तसाच धरून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं तिला. बाप तिचा गेलाय, म्हणून कुणाचा हात धरायचा ते तिने ठरवावं, मी कोण बोलणार?

मला नाही धरता आला. आज तरी नाही.

ताई